वहिनीच्या सोयीसाठी

घरात दोन पक्ष होते, आणि दोघांचंही म्हणणं एकच होतं: आम्ही जे करतो ते वहिनीच्या सोयीसाठी.

पहिला पक्ष तिच्या सासऱ्यांचा. जन्मभर इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेले अप्पा आता पोहण्याच्या तलावाच्या सभासद मंडळाचे चिटणीस होते आणि ईमेलवर त्यांची गाढ श्रद्धा होती. मेलला विषय असतो, मायना असतो, खाली सही असते. तो भलत्या वेळी किणकिणत नाही, असं ते म्हणायचे. दुसरा पक्ष नणंदेचा. उंचीने ती अप्पांच्याही वर गेली होती, तरी तिला सगळे छोटीच म्हणत. ती त्याच तलावावर पोहायला शिकवायची आणि तलावाचं सोशल मीडियावरचं पान आणि सभासदांचा ग्रुप सांभाळायची. मेल म्हणजे पाहुण्यांसाठी जपून ठेवलेले कप, सगळ्यांकडे असतात पण काढत कोणी नाही, हे तिचं मत.

वहिनी फिजिओथेरपिस्ट होती. कॉलेजात असतानाच तिची नजर गेली, त्यामुळे सासरच्या माणसांपैकी एकालाही तिने पाहिलेलं नव्हतं. फोनमधला आवाज तिला पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवायचा, तोही इतक्या वेगाने की शेजारच्याला वाटावं कुणीतरी भांडतंय. ग्रुप बरा की मेल, हा वाद रोज जेवताना रंगायचा. नवरा शहाणा होता, तो ताटात बघत राहायचा. वहिनीला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं. तिनेही आपणहून तोंड उघडलं नाही. एकाची बाजू घ्यावी तर दुसरा रुसणार, आणि या घरात रुसवे लांबायचे.

मग तलावाच्या वेळा बदलल्या.

वहिनी नेहमीसारखी सकाळी तलावावर गेली. टोपी कानांवर ओढली, पाण्यात उतरली आणि काठाजवळच्या दोराला हात लावत लावत पोहायला लागली. पलीकडच्या टोकाला वळून परत येताना तिच्या हाताला दोराऐवजी काहीतरी गुबगुबीत लागलं. ते किंचाळलं. तिने डोकं वर काढून टोपी मागे सारली, तर आजूबाजूला नुसती पिल्लं चिवचिवत होती. आता ही वेळ अगदी लहान मुलांच्या वर्गाची होती. हाताला लागलेल्या पोराने तिच्या गळ्याला जी मिठी मारली, ती काही केल्या सुटेना. तरंगायच्या फळ्या घेऊन छोटी बाहेर आली आणि वहिनीला बघून जागीच थबकली.

"वहिनी, तू इथे कशी? मी मोठ्ठं पोस्टर टाकलं होतं ना ग्रुपवर!"

वहिनी उत्तर द्यायच्या परिस्थितीत नव्हती. काठावर नेलं की पोर भोकाड पसरायचं आणि पाण्यात आणलं की खुदखुदायचं. शेवटी वर्ग संपेपर्यंत ती त्याला गळ्यात घेऊन, बाकीच्यांबरोबर पाण्याचे बुडबुडे काढत उभी राहिली. दवाखान्यातला पहिला पेशंट तिची वाट बघून चिडला, तो वेगळाच.

रात्रीच्या जेवणाला ही हकीगत निघाली तेव्हा अप्पांनी चमचा खाली ठेवला. बरेच दिवस ते अशाच संधीची वाट बघत होते. आपण रीतसर मेल पाठवला होता, तो वाचला असता तर हा प्रसंग आलाच नसता, असं त्यांनी अतिशय मऊ आवाजात सांगितलं. छोटीचे कान लाल झाले.

वहिनीने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. बाकीच्यांना कळावं म्हणून त्यातल्या आवाजाचा वेग कमी केला आणि आधी ग्रुप उघडला. फोन शांतपणे वाचू लागला: चित्र. चित्र. टाळ्यांचे हात, सहा. चित्र. नाचणारी बाई. चित्र.

"आणि पोस्टर?" छोटीने विचारलं.

"त्या चार चित्रांतलं कुठलंतरी."

अप्पा खुशीत मागे रेलले. मग वहिनीने त्यांचा मेल उघडला. सप्रेम नमस्कार, फोन म्हणाला. सोबत जोडलेली सूचना काळजीपूर्वक वाचावी. आपला नम्र, चिटणीस. तिने सोबतची फाईल उघडली. रिकामं पान, फोन म्हणाला.

"पुन्हा लाव," अप्पा म्हणाले.

फोनने पुन्हा तेच सांगितलं.

"रिकामं कसं असेल? त्यावर शिक्का आहे."

"शिक्क्यासकट अख्ख्या कागदाचा फोटोच काढलाय ना तुम्ही, अप्पा. त्यात अक्षरं नाहीत, अक्षरांचं चित्र आहे."

इतका वेळ ताटात बघणाऱ्या नवऱ्याला ठसका लागला. तो हसण्याचा होता हे कोणी बोलून दाखवलं नाही. वहिनीने मग एकदाचं सांगून टाकलं. मेल असो की ग्रुप, तिला दोन्ही चालत होतं. मेल नंतर शोधून काढायला सोपा, ग्रुपवर माणसं लगेच भेटतात. फक्त जे सांगायचं ते अक्षरांत लिहावं, आणि चित्र टाकलंच तर त्यात काय आहे तेही लिहावं.

दोघांनीही मनावर घेतलं, जरा जास्तच. अप्पा दोन बोटांनी टाइप करून सूचना पाठवू लागले. पाणी बदलायची तारीख सांगताना पंपाचा पूर्वेतिहासही यायचा. छोटी प्रत्येक फोटोखाली वर्णन लिहू लागली. सभासदांच्या स्नेहसंमेलनाचा फोटो आला तेव्हा वहिनी दवाखान्यात दोन पेशंटच्या मधल्या वेळेत चहा पीत होती. फोन वाचू लागला: "डावीकडून तिसरे अप्पा. पोट आत ओढलेलं, श्वास संपत आलेला. डोक्यावर गुलाबी टोपी, ती त्यांची नाही."

वहिनीला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. आजवर अप्पा म्हणजे एक खर्जातला आवाज आणि चपलांची फटफट. आज त्यांना पोट मिळालं. अप्पांनी ताबडतोब मेल धाडला, विषय: छायाचित्राच्या वर्णनात दुरुस्तीबाबत. छोटीने दुरुस्ती केली: "पोट नैसर्गिक अवस्थेत आहे, असं चिटणीस कळवतात." चांगले डोळस सभासदही आता फोटोआधी वर्णन वाचायला लागले.

वहिनी या विजयावर थोडी खूश होती. तेवढ्यात खांदा आखडलेले सुतारकाका तपासणीला आले. महिना होत आला तरी त्यांचा हात वर जायला तयार नव्हता. सांगितलेले व्यायाम करता ना, असं तिने जरा कडकपणे विचारलं. बोलणं तिला सोपं पडायचं, म्हणून ती पेशंटना सगळं आवाजी मेसेजवर पाठवायची. काका घुटमळले.

"बाई, तुम्ही पाठवता ते सगळं मिळतं मला. पण त्यातलं ऐकू काही येत नाही. समोर असलात की ओठांवरून समजतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या आपुलकीने पाठवता. मी नुसता अंगठा दाखवायचो."

वहिनी खुर्चीत बसली. तिला ते अंगठे आठवले. दर वेळी तिने ते मोठ्या समाधानाने ऐकले होते.

घरी गेल्यावर तिने आपणच सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. कधीतरी बाहेर आलंच असतं. अप्पांनी दोन घास कसाबसा धीर धरला. मग त्या आवाजी मेसेजला विषय दिला होता का, एवढंच विचारलं. छोटीला तर काही बोलायचीही गरज पडली नाही, नुसतं तिचं नाक फुरफुरताना ऐकू येत होतं.

जेवणं आटोपल्यावर मात्र सगळेच कामाला लागले. वहिनीने व्यायाम सांगितले, छोटीने ते सोप्या वाक्यांत टाइप केले. नवऱ्याला भिंतीशी उभं करून त्याचे हात वहिनीने हवे तसे वर-खाली केले, आणि अप्पांनी जुनी पट्टी-पेन्सिल काढून त्याची चित्रं काढली, बाणांसकट. कुठे पाठवायचं यावर पुन्हा वाद होणार, तोच वहिनीने काकांनाच मेसेज लिहून विचारलं. मेल बरा, त्यांनी कळवलं, मुलगी छापून भिंतीला लावून देते.

दुसऱ्या दिवशी काकांचा मेल आला. व्यायाम समजले, करून पाहिले, हात थोडा वर गेला. चित्रं झकास आहेत, पण तिसऱ्या चित्रात कोपर कुठे वाकवायचं ते नीट दिसत नाही.

कोपर बरोबर आहे, अप्पा म्हणाले. छोटी म्हणाली, नाहीये. वहिनीने नवऱ्याला हाक मारली आणि तो बिचारा पुन्हा भिंतीशी जाऊन उभा राहिला.