भिमाजींची साक्ष

"हनन्याचं नेमकं चुकलं कुठं, ते सांगा बरं कुणीतरी," पाळकसाहेब म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सतरंजीवरच्या अकरा माणसांकडे आळीपाळीने पाहिलं.

रविवारी दुपारी तीन वाजता, पोटात भाकरी आणि वांग्याचं भरीत गेलेलं असताना बायबलचा अभ्यास कुणालाही जडच जातो. मागच्या भिंतीला टेकलेले दोघे तर डोळे मिटून प्रार्थना करत होते असं म्हणू या. शेवटी सवयीने सगळ्यांच्या नजरा, ज्यांच्या घरी ही सभा भरे त्या भिमाजींकडे वळल्या.

"साहेब, त्यानं शेत विकलं आणि निम्मंच देवाला आणून दिलं, यात वाईट काही नाही," भिमाजी म्हणाले. "निम्मं देऊन निम्मंच म्हणाला असता, तर त्याच्या केसाला धक्का लागला नसता. पण त्यानं निम्म्याला सगळं म्हटलं. तिथं तो जागच्या जागी गेला."

"बघा!" पाळकसाहेब खूश होऊन म्हणाले. "पंडितालासुद्धा इतकं सोपं सांगता यायचं नाही."

भिमाजी उजागरे हे पंडित नव्हते. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला, त्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात ते कामाला होते. वय बावन्न. छातीच्या दुखण्यावरचं जे औषध पूर्वी बोटीने विलायतेहून यायचं, ते आता इथं आपल्या दारात तयार होतं, आणि ते ज्या बाटलीत भरतात ती आपल्या हातून जाते, याचा त्यांना फार अभिमान. प्रत्येक बाटली ते उजेडावर धरत. एवढासा ठिपका दिसला तरी बाटली परत पाण्यात. एकदा त्यांना यायला दहा मिनिटं उशीर झाला आणि टाइमकीपरने दयेपोटी वेळेवर आल्याचं लिहिलं, तर हे जाऊन त्याच्याशी भांडून उशीर लिहवून आले. खात्यातली माणसं त्यांना पाठीमागे सत्यवान म्हणत. आता त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती, त्यामुळे ते नाव जरा उलटंच बसायचं, पण चिडवणाऱ्यांना त्याचं काय.

चर्चच्या मंडळीत मात्र भिमाजींची ओळख वेगळीच होती. त्यांची साक्ष प्रसिद्ध होती. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, याला साक्ष म्हणतात. कुणी सांगतो दारू सुटली, कुणी सांगते हरवलेली शेळी सापडली. भिमाजींची साक्ष या सगळ्यांहून वरची. एक्केचाळीस साली, महाळुंग्यात राहत असताना त्यांना डबल न्यूमोनिया झाला. दोन्ही बाजू भरल्या. वैद्याने हात टेकले. बायको राहेल खाटेशी तीन रात्री गुडघ्यांवर होती, आणि चौथ्या दिवशी सकाळी भिमाजींनी डोळे उघडून पेज मागितली. इथं ते एक बोट वर करत आणि आवाज खाली आणत. "ना गोळी, ना सुई!" बाया डोळ्यांना पदर लावत. चाकणपासून खडकीपर्यंतच्या सगळ्या मंडळ्यांनी ही साक्ष ऐकली होती.

तर पाळकसाहेब हनन्याच्या बायकोच्या गोष्टीकडे वळणार, एवढ्यात दारात सुभद्राबाई येऊन उभी राहिली. चपला घालायचीही तिला आठवण राहिली नव्हती. ही आणि तिचा नवरा चिमाजी रुळांपलीकडच्या वीटभट्टीवर कामाला होते, सहा महिन्यांपासून सभेला येत. येऊन दाराजवळ बसायचं आणि संपलं की उठून जायचं. तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"दादा, चला," ती भिमाजींना म्हणाली. "ह्यांचा दम कोंडतोय. परवापासनं अंगाची लाही झालीया."

"डॉक्टर आणला का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"आनू देत न्हाईत. सुई नको म्हणत्यात. म्हणत्यात, भिमाजीदादाला देवानं बिनसुईचं उठीवलं, मला का न्हाई उठिवणार? त्यास्नी आना, हात ठेवू द्या, म्हंजी झालं."

"अगं, डॉक्टर आणला म्हणजे देवावरचा विश्वास उडाला असं नव्हे. मी सांगितलंय म्हणून सांग त्याला."

"तुमचं न्हाई ऐकायचे, साहेब. सकाळधरनं मी सांगून दमले. दादांचंच ऐकत्याल."

सगळी सतरंजी भिमाजींकडे कौतुकाने पाहू लागली. आपल्या माणसाचं केवढं हे वजन, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. भिमाजींनी मात्र कुणाकडे पाहिलं नाही. ते उठले, टोपी घातली आणि तिच्यामागून निघाले.

रूळ ओलांडून भट्टीपर्यंत पाव तासाची वाट. सुभद्राबाई पुढे जवळजवळ धावत होती. भिमाजी मागून चालताना घामाघूम झाले, जानेवारीचा महिना असून.

कारण ती साक्ष निम्मीच होती. खोटी म्हणावी तर राहेल गुडघ्यांवर होती हे खरं, पेज मागितली हेही खरं. पहिल्यांदा सांगितली ती बेचाळीस साली एका मोठ्या मेळाव्यात. समोर पाचशे माणूस, बोलायची सवय नाही, म्हणून आटोपशीर सांगितलं, आणि आटोपशीर सांगण्यात दवाखाना राहून गेला. माणसं रडली. पुढच्या वेळी दवाखाना घालायचा तर मागच्या वेळी का नव्हता, असं कुणी विचारलं असतं. त्याच्या पुढच्या वेळी बोट वर गेलं आणि तोंडातून 'ना गोळी, ना सुई' निघून गेलं. ते इतकं शोभून दिसलं, की मग ते काढून टाकायचं मन होईना. राहेल जिवंत असेपर्यंत साक्ष सुरू झाली की तिला हटकून चुलीवरचं काहीतरी आठवायचं आणि ती उठून आत जायची. बारा वर्षांत तिने एकदाही ती पुरती ऐकली नाही. भिमाजी त्याला तिचा विनय समजत. समजत म्हणजे, तसं समजायचं त्यांनी ठरवलं होतं.

आणि कादर. महाळुंग्यातला त्यांचा शेजारी कादर शेख. दोन वर्षांपूर्वी तो मुलीला, झुलेखाला, भेटायला इकडे आला होता, तेव्हा वाट वाकडी करून भिमाजींकडे आला. नेमका रविवार. आत सभा चाललेली म्हणून बिचारा बाहेर ओट्यावर बसून राहिला, आणि दार उघडंच होतं. सभा सुटल्यावर भिमाजींना तो दिसला. कादरने चहा घेतला, मुलाबाळांची चौकशी केली, आणि निघताना म्हणाला, "बोलतोस छान रे भिमाजी. मलाच रडू आलं." टोमणा नव्हता तो. टोमणा मारला असता तर भिमाजींना त्या रात्री झोप तरी लागली असती.

झोपडीत चिमाजी गोधडीवर उशाला विटा आणि वर पोतं घेऊन अर्धवट बसला होता. तिशीतला धट्टाकट्टा गडी, पण ओठ निळसर झालेले, आणि प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलत होत्या. भिमाजींना पाहून त्याचा चेहरा उजळला.

"आलासा? मी हिला म्हनलंच व्हतं... आता ठिवा हात."

भिमाजी गुडघ्यांवर बसले. त्याच्या छातीवर तळवा ठेवला. आतली घरघर तळव्याला लागत होती. हा श्वास त्यांना चांगला ठाऊक होता, त्यांनी तो स्वतः घेतला होता. उद्या सकाळपर्यंत हा माणूस राहायचा नाही हे त्यांना स्वच्छ दिसलं, आणि तो आपल्यापायी जाणार हेही.

त्याच वेळी एक सोपी वाट त्यांना दिसली. 'चिमाजी, काल मला दृष्टांत झाला, देव म्हणतो तू सुई घे,' एवढं म्हटलं की काम होणार होतं. त्याने मुकाट्याने दंड पुढे केला असता. तो वाचला असता, साक्षही वाचली असती, वर भिमाजींचं नाव आणखी मोठं झालं असतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण चिमाजी डोळे मिटून, हात जोडून वाट पाहत होता. इतक्या विश्वासाने आपली वाट लहान मुलानेही कधी पाहिली नसेल, असं भिमाजींना वाटलं, आणि तो दृष्टांत त्यांनी सोडून दिला.

"चिमाजी," ते म्हणाले, "मी खोटं बोललो."

त्याने डोळे उघडले.

"मला गोळ्या दिल्या होत्या. तळेगावच्या दवाखान्यात. अठरा दिवस होतो मी तिथं. डॉक्टर होते, नर्स होती. मी ते कधी सांगितलं नाही."

सुभद्राबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"आन् ती... परार्थना?" चिमाजीने धापा टाकत विचारलं.

"ती खरी. पण घरात नाही रे, बैलगाडीत. शेजारच्या कादरने हातातलं काम टाकून बैल जुंपले. इंद्रायणीला पाणी आलेलं, तर कमरेइतक्या पाण्यात तो बैलांच्या पुढे चालला. तो त्याच्या अल्लाला हाका मारत होता, माझी बायको येशूला. मी मधे पडलेलो. कुणाचं ऐकलं ते मला सांगता यायचं नाही. पण गाडी पोचली."

"मंग हे... का न्हाई सांगितलं?"

भिमाजींनी मान खाली घातली. "ना गोळी ना सुई म्हटलं की लोक रडायचे. मला ते आवडायचं."

चिमाजीने तोंड कुडाकडे फिरवलं. "मी तुमच्या भरवशावर..." तो म्हणाला आणि खोकल्याची अशी उबळ आली की पुढचं त्यातच गेलं. भिमाजी बसून राहिले. आपण याला एकदा खोट्याने मारत होतो, आता खऱ्याने मारलं, असं त्यांच्या मनात आलं. सुभद्राबाई नवऱ्याची पाठ चोळत होती. तिने भिमाजींकडे पाहिलंही नाही.

उबळ ओसरली तसा कुडाकडून आवाज आला. "त्यो कादर... लगीच आला?"

"विचारलंसुद्धा नाही त्याने काही. लगेच आला."

"मंग माझी गाडी कुठाय?" चिमाजी म्हणाला.

भिमाजी स्टेशनपर्यंत कसे पळाले ते त्यांचं त्यांनाच आठवत नाही. बाहेर एकच टांगा होता. टांगेवाला नुकताच फडकं सोडून भाकरी खायला बसला होता. भिमाजींचं अर्धं वाक्य ऐकूनच त्याने फडकं बांधलं. झोपडीत येऊन त्याने चिमाजीला पोरासारखं उचललं आणि आपलं घोंगडं पसरून टांग्यात निजवलं. चिंचवडचा रस्ता नुसता खड्ड्यांचा, आणि प्रत्येक हिसक्याला चिमाजीचा श्वास तुटत होता. तेव्हा टांगेवाला खाली उतरला आणि घोड्याच्या तोंडाशी लगाम धरून दोन मैल चालत गेला. सुभद्राबाईने वाटेत त्याला नाव विचारलं. मन्सूर, तो म्हणाला.

चिंचवडच्या डॉक्टरांनी चार खाटांचा छोटा दवाखाना काढला होता. त्यांनी छाती तपासली आणि लगेच सुई तयार करायला घेतली. औषधाची ती बुटकी बाटली टेबलावर होती. भिमाजींनी सवयीने ती उचलून उजेडावर धरली. स्वच्छ होती.

"अहो, ठेवा ती खाली," डॉक्टर खेकसले.

चौथ्या दिवशी ताप उतरला. भिमाजी रोज कामावरून सुटले की दवाखान्यात जात. चिमाजी पेज प्यायला लागला होता, सुभद्राबाईशी, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी बोलत होता. भिमाजी आले की डोळे मिटून घ्यायचा. भिमाजी पायथ्याशी पाच मिनिटं बसत आणि उठत. त्याचं काही चुकत होतं असं त्यांना वाटलं नाही.

रविवार आला. सतरंजी अंथरली, माणसं जमली. सुभद्राबाईसुद्धा दवाखान्यातून तासाभरासाठी आली आणि आपल्या जागी, दाराजवळ बसली. बातमी आधीच पोचली होती, पण ती निम्मीच: भिमाजींनी हात ठेवला आणि चिमाजी वाचला! पाळकसाहेब कौतुकाने म्हणाले, "भिमाजीराव, आज अभ्यास राहू दे. आज तुमची साक्ष. जुनी आणि नवी, दोन्ही."

भिमाजी उभे राहिले.

"एक्केचाळीस साली मला न्यूमोनिया झाला," ते म्हणाले. "महाळुंग्याच्या कादर शेखने मला बैलगाडीतून तळेगावच्या दवाखान्यात नेलं. तिथं गोळ्या घेऊन मी बरा झालो. गेली पंधरा वर्षं मी तुम्हाला खोटं सांगत आलो. त्या खोट्यापायी मागच्या रविवारी एक माणूस मरत होता."

एवढं बोलून ते खाली बसले. एरवी त्यांच्या साक्षीला अर्धा तास लागायचा.

साक्ष संपली की सगळे मिळून आमेन म्हणत, पण यावर आमेन म्हणायचं की नाही ते ठरेना. मागचे दोघे आज टक्क जागे होते. एका म्हातारीने, जी या साक्षीला दर वेळी रडायची, भिमाजींकडे पाठ फिरवली. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

तेव्हा दाराजवळून सुभद्राबाई उठली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या तशी ती घाबरली, पण बसली नाही.

"आमच्या टांगेवाल्याचं नाव मन्सूर," ती म्हणाली. "त्यानं भाकर ठिवली आन् दोन मैल चालत आला." ती थांबली, पुढे काय म्हणतात ते आठवून पाहिलं. "मला म्होरलं येत न्हाई. पर त्याचं नाव ऱ्हायला नको, म्हणून सांगितलं."