दाढेखालची लवंग

माझ्या हितूने चारशे गुडघे बदललेत. खोटं वाटत असेल तर लालबागच्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा. मीच सगळ्यांना सांगितलंय. त्याचे बाबा गिरणीत साच्यावर कापड विणणारे, मी चौथी नापास, आणि आमचा डॉक्टर हितेंद्र लंगडी माणसं चालती करतो.

गेल्या वर्षी एक गुडघा बिघडला. शीवच्या जाईबाईंचा. आत पू झाला, बसवलेला सांधा काढावा लागला. चौकशीत हितूची चूक निघाली नाही, पण लोकांच्या तोंडाला झाकण कोण घालणार? पेशंट कमी झाले. पोरगा ताटावर बसायचा आणि नुसतं आमटीत बोट फिरवायचा. शेवटी मीच म्हटलं, "माझा उजवा कर. स्वतःच्या आईला कापणाऱ्यावर कोण शंका घेईल?"

"घरच्या माणसाला कापू नये, आई. हात जड होतो."

"मग हलका कर."

सोमवार ठरला. समोरच्या खोलीतल्या लक्ष्मीला तिच्या गुडघ्यासाठी गुरुवार दिला होता. "पयलो तुझो होवंदे, मगे माझो," म्हणाली. मेली हुशार.

आणि शनिवारी माझी दाढ ठणकायला लागली. रविवारी हिरडी फुगली, जिभेला काहीतरी खारट लागायला लागलं. मिश्रीने दात असेही काळे, कोण बघतंय? दाढेखाली लवंग दाबली आणि गप्प बसले. तारीख पुढे गेली असती तर चाळ म्हणाली असती, हितू घाबरला.

त्याच संध्याकाळी दाखल झाले. श्रेया नावाची शिकाऊ डॉक्टरीण तपासायला आली. "आजी, आ करा."

"बाजारातला बैल आहे का मी, दात मोजायला?"

बिचारी लाल झाली. कागदावर खूण केली नि निघून गेली. मी खूश.

पण थोड्या वेळाने दाराबाहेर हितूच्या मोठ्या सरांचा, डॉक्टर अभयचा, आवाज आला. "हितेंद्र, अजून एक सांधा पिकला, तर तुझी ऑपरेशनं मला दुसऱ्याकडे द्यावी लागतील."

"हो सर," एवढंच हितू म्हणाला. मी लवंग बदलली.

सकाळी ऑपरेशनच्या खोलीत नेलं. हाडं गोठतील अशी थंडी. पाठीत सुई द्यायची म्हणून मला वाकवून बसवलं. सर दाराशी उभे. हितू माझ्यासमोर खाली बसला, तोंडाला फडकं, नुसते डोळे दिसत होते.

"आई, जाईबाईंच्या काखेत फोड होता. लेकीच्या लग्नात उभं राहायचं होतं त्यांना, म्हणून लपवला. त्यातलं विष रक्तातून गुडघ्यात उतरलं."

"मग चौकशीत सांगितलं का नाहीस?"

"त्या नाही म्हणाल्या आणि मी बघितलं नाही. बघणं माझं काम होतं." त्याने माझा हात धरला. "तुझं काही नाही ना कुठे? फोड, जखम, दात?"

जीभ आपसूक दाढेकडे गेली.

"नाही," मी म्हटलं.

तो उठला, हात धुवायला वळला. पाठीवर गार बोळा फिरला. मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, आता हलू नका हं." चारशे गुडघे, मी मनात म्हटलं. चारशे. आणि चारशे एकावा त्याच्या आईनेच नासवायचा?

"थांबा!"

सगळे थांबले. लवंग काढून तळहातावर ठेवली. "दाढ पिकलीय. शनिवारपासून."

बाजूला उभ्या श्रेयाच्या तोंडचं पाणी पळालं. "सर, मी काल..."

"तिला बोलू नकोस रे. मीच तिला दटावून घालवली."

हितूने स्वतः बॅटरी धरून माझं तोंड बघितलं. बराच वेळ बघितलं.

"रद्द," तो म्हणाला.

"आईचीच केस सोडलीस तर लोक काय म्हणतील, कळतंय ना?" सरांनी विचारलं.

"कळतंय, सर."

माझ्याशी मात्र एक शब्द नाही. दुपारी दाढ काढायला नेलं तेव्हाही बाजूला उभा, पण मुका.

मंगळवारी माझेच दोन जुने गुडघे घेऊन तीन जिने चढले. लक्ष्मी दारात पाय पसरून बसलेली.

"काय गो मालन, चलत इलंस? लेकान कापूक नाय? भियालो?"

बीपी वाढलं, असं सांगायचं जिन्यातच ठरवून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं. "तो नाही भ्यायला. मी खोटं बोलले. दाढेत पू होता, तो लपवला. त्याने बघितलं आणि परत पाठवली."

अख्ख्या मजल्याने ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी मान त्या चाळीत खाली गेली. लक्ष्मी हसेल म्हणून वाट बघत राहिले. ती हसली नाही. तिने हळूच लुगडं पायावर ओढलं.

"काय आहे गं तिथे?"

"काय नाय."

मी हातातल्या काठीने लुगडं सरकवलं. अंगठा वांग्यासारखा सुजलेला, वर हळद थापलेली.

"नखुरडा गो. बसात दोन दिसांनी," ती कुजबुजली. "त्येका सांगू नको हां. माझ्या गळ्याची शपथ."

मी फोन काढला. कालपासून हितू माझ्याशी बोलला नव्हता. उचलेल की नाही, कोण जाणे. चार वेळा वाजला.

"बोल," हितू म्हणाला.

"गुरुवारची तुझी लक्ष्मीमावशी. अंगठा पिकलाय तिचा. लपवून बसलीय."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"तू स्वतः बघितलास, आई?"

"बघितला."

"फोन दे तिला."

लक्ष्मी मला सात पिढ्यांच्या शिव्या घालत होती. मी फोन तिच्या कानाला लावून धरला आणि ती "होय रे बाबा" म्हणेपर्यंत हात खाली घेतला नाही.