निंबाचा उजवा हात

साल १९९७. त्या वर्षीच्या दसऱ्याला मी एका भल्या माणसाचा हात मोडला, आणि तोही जाणूनबुजून. मित्रांनो, मी एक जुना डिझेल जनरेटर आहे.

माझा जन्म राजकोटचा. सुरतेत नवागामला एका मदतसंस्थेच्या कार्यालयामागे पत्र्याच्या शेडमध्ये मला बसवलं. मला चालवायचा निंबा, नंदुरबारकडचा. रोज फडक्याने माझं अंग पुसायचा. १९९४ च्या प्लेगच्या साली संस्थेच्या दवाखान्याचे दिवे आणि लशींचा फ्रीज मी एकट्याने चालवला. नर्स शोभाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "निंबाभाऊ, हा होता म्हणून निभावलं."

मग गच्चीवर सोलरच्या प्लेटा आल्या. व्यवस्थापक भाईदास नाकाला रुमाल लावून म्हणाले, "निंबा, आ डबलुं हवे भंगारमां! भंगारात टाक याला आता. धूर ओकून ओकून भिंती काळ्या केल्या याने." सगळे हसले. निंबाही हसला. ते हसू मी मनात जपून ठेवलं.

दसऱ्याला निंबा दरवर्षी पहिला हार मला घालायचा. त्या वर्षी तो टोपली घेऊन माझ्यासमोरून सरळ गच्चीवर गेला. प्लेटांना त्याने हळदकुंकू माखलं, झेंडूचे जाड हार आडवेतिडवे पसरले.

"अहो, काच झाकली की सगळी!" शोभाबाई म्हणाल्या.

"फुलांनी काय होईल, ताई? ऊन त चारीमेर शे!" चहूकडच्या उन्हाकडे हात करत निंबा म्हणाला.

वर सावली पडली तसा माझ्या शेजारी ठेवलेल्या सोलरच्या बॅटऱ्यांचा काटा उतरू लागला. मला ते दिसत होतं. मला बोलता आलं असतं, तरी मी बोललो नसतो.

शहराची वीज सकाळपासूनच नव्हती. दुपारी चारला फ्रीज थांबला.

"भाऊ, गोवराची लस आहे आत! उद्या कारखान्यातल्या बायका पोरं घेऊन येतील," शोभाबाई धावत आल्या. मागून भाईदास ओरडले, "अरे, जनरेटर चालू कर ने!"

आता माझी आठवण झाली!

निंबाने मला सुरू करायचं हँडल लावून फिरवलं. मला चालू होता आलं असतं. दोनदा मी गप्प राहिलो. तिसऱ्यांदा त्याने सगळा जोर लावला, आणि मी हँडल उलटं फेकलं. मनगट कडकन मोडलं. लस वाया गेली.

भाईदासांना पुढे बढती मिळाली, ते बडोद्याला गेले. शोभाबाईंनी चार दिवस उन्हात घरोघर फिरून बायकांची माफी मागितली. निवृत्त होईपर्यंत सणाच्या दिवशी, प्लेटा कोणी झाकू नयेत म्हणून, त्या स्वतः गच्चीवर उभ्या राहत. प्लेटा छान चालल्या. मला इच्छापोरच्या भंगारवाल्याने नेलं. निंबाचा हात वाकडाच राहिला. तो चलथाणला साखर कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाला.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण ज्याने तुमच्यासाठी धूर ओकला, त्याच्या अंगावरून निरोपाचा एक हात फिरवा. आमच्यासारख्यांचा राग फार दिवस गंजत नाही.

मला पश्चात्ताप झाला असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. भाईदासांच्या बाबतीत तो मला आजही नाही. पण निंबाला वाकड्या हाताबद्दल जो कोणी विचारी, त्याला तो एवढंच सांगे, "मशीन चांगलं होतं, भाऊ. माझाच हात चुकला."