तिरकी रेघ

प्रयोगशाळेत नको असलेल्या प्रत्येक आवाजाला ‘मिरकरवाडा’ म्हणायची टूम हर्षद सरांनीच काढली होती. कॉलेजच्या गच्चीवर अँटेना बसवली ती आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी टिपायला. पण ती बया टिपायची मोबाइलचे टॉवर, कॅन्टीनचा मिक्सर आणि सगळ्यात जास्त मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरांचे वायरलेस. मग सर म्हणायचे, "हा मिरकरवाडा. पुसा." मुलं हसायची, आणि मुलं हसलेली सरांना फार आवडायची.

अक्षया हसायची नाही. तिचे वडील मिरकरवाड्यातच ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. अकरा जूनला दुपारी ती एक नोंद घेऊन आली. पडद्यावर बारीकशी तिरकी रेघ होती. जवळचा गोंगाट सरळ उभा उमटतो, फार लांबून आलेली लहर मात्र अशी तिरकी होते, हे सरांनीच शिकवलेलं.

"सर, ही वरची वाटते."

सरांना घरी जायची घाई. त्यांनी धड पाहिलंही नाही.

"अगं, हा तर तुझ्या घरचा आवाज! बाबा जेवायला हाक मारतायत."

सगळे खदखदून हसले. अक्षया काहीतरी बोलणार होती, पण तिने ओठ मिटले आणि नोंद पुसून टाकली.

सप्टेंबरात सरांच्या जुन्या मित्राची मेल आली. तो परदेशात एका मोठ्या दुर्बिणीवर काम करतो. अकरा जूनला दुपारी त्यांना दूरवरचा एक क्षणभराचा स्फोट सापडला होता. तुमच्याकडे काही उमटलंय का? दुसरी नोंद मिळाली तर आमची खात्री पटेल.

अकरा जून. वेळही तीच. सरांना अक्षयाची रेघ आठवली. जूनमध्ये मासेमारीला बंदी. एकूण एक ट्रॉलर बंदरात ताडपत्रीखाली. वायरलेस लावणार कोण, आणि कुणासाठी? रत्नागिरीत जन्म गेलेल्या माणसाला एवढं कळू नये?

‘त्या दिवशी आमचं यंत्र बंद होतं,’ असं त्यांनी लिहिलं. कुणाला पत्ताही लागला नसता. मग स्वतःचीच किळस येऊन ते वाक्य खोडलं आणि खरं काय ते कळवलं. स्फोट हातचा गेल्याचं वाईट वाटत होतंच, पण त्या हसण्याची लाज जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांसमोर ते म्हणाले, "अक्षया, तुझी रेघ खरी होती. मी तुझी टिंगल केली. माझं चुकलं, मला माफ कर."

या वेळी कुणी हसलं नाही.

"बंदी आहे, हे मी तेव्हाच सांगणार होते, सर."

"मला कळतंय. यापुढे अशी रेघ दिसली की कुणाचं ऐकू नकोस. माझंही नको. जपून ठेव."

अक्षया हळूच म्हणाली,

"अजून तीन दिसल्या होत्या, सर. जुलैत. मीच पुसल्या."