दोरीचं वरचं टोक

राही म्हसळ्याच्या मुलींच्या शाळेत चौदा वर्षं शिकवत होती, आणि या चौदा वर्षांत सुट्टी म्हणजे भावाच्या घरची कामं, असंच ती धरून चालली होती. दिवाळीत भाताची झोडणी, मे महिन्यात लग्नकार्यं, नाहीतर वहिनीचं बाळंतपण. त्यामुळे चौसष्ट सालच्या नाताळात आपण पाच दिवस एका बेटावर राहायला जाणार, असं तिनं सांगितलं तेव्हा तिचा भाऊ रावजी आधी हसला आणि मग काळजीत पडला. देवदर्शन नाही, कुणाचं कार्य नाही, मग जायचं कशाला, हे त्याला उमगेना. जायचंच तर पालीला जाऊन ये, असंही त्यानं सुचवून पाहिलं. राहीनं वाद घातला नाही. पिशवीत चार कपडे भरले आणि सकाळची एस.टी. धरली.

बेट सुचवलं होतं शाळेतल्याच चंद्राबाईंनी. त्या श्रीवर्धनजवळच्या कोळीवाड्यातल्या. त्यांचा भाऊ येसाजी मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होता. बोटींच्या तळाला अडकलेले दोर कापायचे, बुडालेल्या वस्तू वर काढायच्या, असलं त्याचं काम. लहानपणी माडावरून पडल्यामुळे तो उजव्या पायानं चांगलाच लंगडायचा. एका परदेशी बोटीवरच्या साहेबाकडून त्यानं पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या, रबरी नळ्या आणि तोंडावर लावायच्या काचा मिळवल्या होत्या. दर नाताळात रजा काढून तो या बेटावर, माडबेटावर, जायचा आणि ओळखीच्या दोन-चार माणसांना पाण्याखालचं जग दाखवायचा. हा त्याचा शौक होता. चंद्राबाईही बरोबर यायच्या होत्या, पण ऐनवेळी त्यांच्या धाकट्याला गोवर निघाला आणि राही एकटीच होडीत बसली.

बेट लहानसंच होतं. चाळीस-पन्नास माड, गोड्या पाण्याची एक विहीर, झावळ्यांच्या तीन झोपड्या आणि पश्चिमेला काळ्या खडकांची रांग. दुसरे पाहुणे होते अनंतराव. गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवणारे, पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. ते बेटावरसुद्धा छत्री घेऊन हिंडत. आणि येसाजीची बायको केसर होती. तिनं राहीला पाट दिला, पाणी दिलं, जेवायला वाढलं, पण बोलली मोजकंच. ‘मास्तरीणबाई’ म्हणायची आणि नजर फिरवायची. आपण या बाईला नकोशा झालो आहोत की काय, असं राहीला पहिल्या दिवशी वाटत राहिलं.

पाण्यात उतरणं लगेच होणार नव्हतं. उधाणानं पाणी गढूळ झालं होतं. भांग आला, भरती-ओहोटीचा जोर मोडला, की पाणी निवळतं, तोवर थांबा, असं येसाजीनं सांगितलं. ते दोन दिवस राहीला रिकामं बसवेना. ती केसरच्या शेजारी जाऊन बोंबील साफ करायला बसली. पहिलाच बोंबील तिच्या हातातून सटकला तो थेट अनंतरावांच्या छत्रीवर जाऊन पडला. केसरनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण मग दोघीही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्यानंतर केसर बोलती झाली. लग्नाला सोळा वर्षं झाली, मूल नाही, वाळवलेली मासळी घेऊन ती आठवड्याच्या बाजाराला जाते, असं सगळं तिनं सांगितलं. राहीनंही स्थळं कशी आली आणि कशी गेली ते सांगितलं. हे ती इतक्या वर्षांत कुणापाशी बोलली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं. येसाजीकडे अंगावर चढवायचे दोन जोड होते, एक त्याचा आणि एक पाहुण्याचा; हवा भरून आणलेल्या टाक्या मात्र प्रत्येक खेपेला वेगळ्या पुरतील इतक्या होत्या. पाहुण्याच्या कमरेला दोरी बांधायची आणि तिचं वरचं टोक होडीत केसरच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ओढा. आधी अनंतराव उतरले. पुरुषभर खोलीवर गेले नाहीत तोच दोन हिसके आले. वर आल्यावर ते शांतपणे म्हणाले की आपला जन्म हवेत राहण्यासाठीच आहे आणि त्याबद्दल आपली काही तक्रार नाही. मग गळ घेऊन ते खडकावर जाऊन बसले, ते खुशीत.

राहीनं केसरचं लुगडं कोळणीसारखं घट्ट कासोटा मारून नेसलं होतं. पाठीवरची टाकी होडीत जड होती, पाण्यात जाताच तिचं वजन नाहीसं झालं. पहिले चार श्वास तिनं घाबरत घेतले, पाचवा सवयीनं. खडकाच्या कपारींतून पिवळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या अंगावरून गेले. जांभळ्या पंख्यासारखं काहीतरी पाण्याबरोबर हलत होतं. मध्येच तोंडातली नळी सटकली आणि खारं पाणी घशात गेलं. तिचा हात दोरीकडे गेला. पण येसाजीनं तिच्या डोळ्यांत बघत नळी परत तोंडात बसवली, आणि तिनं दोरीला एकच हिसका दिला.

वर आल्यावर ती किती तरी वेळ केसरला सांगत बसली. केसर ऐकत होती, दोरीची वेटोळी घालत होती. मग राहीच्या लक्षात आलं, की दर नाताळात दोरी धरणाऱ्या या बाईनं खाली काय आहे ते कधी पाहिलेलंच नाही. तिनं विचारलं, तर केसर म्हणाली, “मी खाली गेली त दोरी कोन धरंल?”

“मी धरते,” राही म्हणाली.

केसरनं येसाजीकडे पाहिलं. अनंतरावांची टाकी जवळजवळ भरलेलीच होती. येसाजी म्हणाला की त्यानं हे पूर्वी दोनदा विचारलं होतं, तेव्हा तीच नको म्हणाली होती. केसर म्हणाली, तेव्हा दोरी धरायला भरवशाचं माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती येसाजीबरोबर उतरली. लहानपणापासून पोहणारी, त्यामुळे बुडबुड्यांखेरीज तिचा काही मागमूस राहिला नाही. राही दोन्ही हातांनी दोरी धरून बसली. एक हिसका आला. मग बराच वेळ काहीच नाही. दोरी जड झाली, हलकी झाली, पुन्हा ताठ झाली. राहीनं वरून हिसका दिला, खालून उत्तर नाही. शाळेत पन्नास मुली सांभाळताना कधी वाटली नव्हती अशी जबाबदारी तिला त्या काथ्याच्या दोरीत जाणवली. तिनं परत हिसका दिला. या वेळी एक उत्तर आलं, सावकाश, जणू केसर आठवण झाल्यावर देत होती.

केसर वर आली तेव्हा काच काढून ती होडीची कड धरून नुसती तरंगत राहिली. मासे पाहिलेस का, पंखा पाहिलास का, असं राहीनं विचारलं. केसरनं मान डोलावली. येसाजी लांब दुसऱ्या बाजूनं वर येत होता. त्याच्याकडे बघत केसर हळूच म्हणाली, “राहीबाय, खाली ते लंगडत न्हाईत. रावसासारखे जातान.”

राहीनं हात दिला आणि केसरला होडीत घेतलं. त्या दुपारी केसरनं नवऱ्याला स्वतःच्या पानातला मासळीचा मोठा तुकडा वाढला आणि कारण सांगितलं नाही. येसाजीनं तो मिटक्या मारत संपवला.

पाचव्या दिवशी अनंतराव मुंबईच्या वाटेला लागले आणि राही म्हसळ्याच्या. पुढच्या नाताळात सगळे पुन्हा जमले, या खेपेला चंद्राबाईंसह. केसर आणि राही आळीपाळीनं खाली जाऊ लागल्या, एक पाण्यात तर दुसरी होडीत. दोघी खडकापाशी गुंतलेल्या असल्यामुळे स्वयंपाकाचं काम आपसूक अनंतरावांकडे आलं. त्यांनी पहिल्याच दिवशी भात करपवला आणि कालवणात मीठ दोनदा घातलं. तरी सगळ्यांनी ते पोटभर खाल्लं आणि मग माडांच्या सावलीत आडवे झाले.