ओव्हन चालू ठेवून

रविवारी दुपारी यारलगात भोंगा वाजला. गावातल्या अग्निशमन दलाचे आठही स्वयंसेवक हातातलं काम टाकून बंबाकडे धावले. क्लॅरी म्हाताऱ्याचा ओव्हन पेटला होता.

आग विझवून झाल्यावर कॅप्टन नरीडा त्याच्यावर बरसली, "काका, ओव्हन चालू ठेवून बागेत गेलातच कसे? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"चुकलं गं पोरी. तुझ्याकडे आज काय बेत?"

"कोकराची तंगडी. मघाशीच ओव्हनमध्ये..." तिची जीभ अडखळली. तिनं बाकीच्या सातांकडे पाहिलं, तर सगळ्यांचीच तोंडं उतरलेली.

तेवढ्यात वायरलेस खरखरला, "आणखी एक आग. स्वयंपाकघरातच. पत्ता लिहून घ्या."

आठांपैकी एकालाही पेन सापडेना. शेवटी क्लॅरीनंच आपलं पुढे केलं.