विहिरीची साठ पानं

ग्रंथपालबाईंनी सव्वीस वर्षं डूख धरला होता, तोही वाचनालयाच्या शिस्तीत. वर्तमानपत्राचं ते कात्रण प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यांनी टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं होतं, आणि वर्षातून एकदा त्यावरची धूळ पुसून त्या दात-ओठ खायच्या.

कात्रण त्यांच्या बाबांच्या एकुलत्या एका कादंबरीच्या परीक्षणाचं होतं. 'लेखकाने विहिरी खोदण्यापेक्षा नोकरी नीट करावी,' असा त्याचा शेवट. बाबा वीज कंपनीत कारकून. ऑफिसात चहाच्या वेळी ते वाक्य मोठ्याने वाचलं गेलं, लोक पोट धरून हसले. बाबांनी उरलेल्या प्रती रद्दीत घातल्या आणि पुन्हा पेन म्हणून उचललं नाही. गेले तेव्हा आईच्या कपाटात एकच प्रत निघाली.

परीक्षण लिहिणारे प्राध्यापक आता निवृत्त होऊन याच वाचनालयाच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले होते. तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत, पाठीमागे कात्री.

दर उन्हाळ्यात वाचनालय सुट्टीत वाचायच्या दहा कादंबऱ्यांची यादी लावतं. पूर्वी जो तो आपल्या मेव्हण्याचं पुस्तक पुढे दामटायचा, म्हणून एक नियम झाला: समितीला प्रत्येक पुस्तकाची फक्त पहिली साठ पानं द्यायची, झेरॉक्स करून, नाव-गाव झाकून. यंदाचा विषय होता अध्यात्म. "कादंबरी हवी, प्रवचन नको," सरांनी बजावलं होतं. बाईंनी मुकाट्याने मान हलवली आणि सातव्या गठ्ठ्यात बाबांची साठ पानं घातली.

बैठकीच्या दिवशी सर सातवा गठ्ठा छातीशी धरूनच आले.

"बाकीचं नंतर बोलू. हा विहीर खोदणारा माणूस! खाली देव भेटेल म्हणून खोदत जातो, आणि साठाव्या पानावर खालून ओरडतो, दोर वर ओढून घ्या, मला आता तो नको! दोन रात्री झोप नाही मला. यादीत पहिला नंबर याचा. कोणाचं आहे हे?"

ज्या क्षणासाठी बाई इतकी वर्षं थांबल्या होत्या, तो आयता समोर आला. त्यांनी नाव सांगितलं. सरांचा चेहरा पांढराफटक पडेल, असं त्यांनी शंभरदा मनात पाहिलं होतं. 

"कोण हे? ऐकल्यासारखं वाटत नाही."

मेल्याला आठवतही नव्हतं! बाईंनी खणातून कात्रण काढून पुढे सरकवलं. सरांनी ते दोनदा वाचलं.

"माझंच आहे," ते हळूच म्हणाले. "खरं सांगू बाई? तेव्हा महिन्याला वीस-वीस पुस्तकं यायची. मी बहुतेकांचं मलपृष्ठ वाचून लिहायचो. चुकलं माझं. आता छापून घेऊ, मी प्रस्तावना लिहितो. पण मूळ प्रत आधी मला द्या. पुढे काय होतं त्याचं?"

"प्रस्तावना? बाबांच्या पुस्तकावर तुमचं नाव?" बाईंनी त्यांच्या हातातला गठ्ठा ओढून घेतला. "प्रत आमच्या घरची आहे. यादीतून काढली मी. आणि पुढे काय होतं, ते मला माहीत आहे."

समितीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाई कळवळल्या. "अहो, पण आम्ही काय घोडं मारलंय? आम्हालाही वाचायचंय की!"

बाईंनी गठ्ठा खणात टाकला. बाबांची कादंबरी चार घरांत जाणार होती, ती आपणच अडवली, हे त्यांना कळत होतं. पण या माणसाला ती मिळू द्यायची नव्हती, बस्स.

यादी नऊ पुस्तकांची लागली. आणि सर रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दारात हजर राहू लागले. "दहाच पानं द्या. इथेच बसून वाचतो." बाई म्हणायच्या, नाही. "तो वर येतो का, एवढं तरी सांगा." नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं कापणारा माणूस असा मिनतवाऱ्या करतोय, हे पाहून बाईंना जेवण गोड लागायचं.

जूनच्या सुरुवातीला सरांनी टेबलावर एक वही ठेवली.

"राहवलं नाही. पुढचं मीच लिहून काढलंय. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं असं काही. असंच होतं का बाई?"

बाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. बाबांच्या कादंबरीत असं काहीच घडत नव्हतं. सरांनी त्या माणसाला खाली अंधारात बसवलं होतं, आणि दोरासाठी आलेला त्याचा पहिला हुंदका लिहिला होता. तेवढं पान बाईंनी पुन्हा एकदा वाचलं. लिहिलेलं अस्सल होतं. सर टेबलाची कड धरून उभे होते.

बाईंनी वही मिटली आणि परत सरकवली.

"जमलं नाही," त्या म्हणाल्या. "या वयात कशाला नादी लागता?"

सरांनी मान डोलावली. वही पिशवीत घालताना ती दोनदा सुटली. मग ते नुसतेच हसले, ओशाळवाणं, आपलीच चूक झाल्यासारखं. बाबाही त्या संध्याकाळी ऑफिसातून येऊन असेच हसले होते. तेव्हा बाई आठवीत होत्या आणि त्यांच्या समोरच बसल्या होत्या.

सर जिना उतरून गेले. आनंद होईल असं बाईंना वाटलं होतं, आणि तो झालाही. त्याचीच त्यांना भीती वाटली.